तांबं किती, यापेक्षा मोकळं किती ते बघ

अगं, तुझा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून फोनवर घाईघाईत काही बोलले नाही. आता निवांत बोलू या. तुझ्या पोफळीच्या वाडीत आळी उकरली तर पूर्वीसारखी गांडुळं निघत नाहीत. कोणीतरी म्हणालं, फवारणीच्या बोर्डो मिश्रणातल्या तांब्याने गेली. लगेच तुझ्या मनात आलं, नाशिकला नणंदेच्या द्राक्षबागेत तर तांब्याच्या फवारण्या आपल्यापेक्षा जास्त होतात, तरी तिच्या मातीत अजून गांडुळं आहेत. मग तांब्याला दोष कशाला द्यायचा?

दोष तांब्याचा असू शकतो, पण तो कुठे किती बाधेल हे माती ठरवते. तेवढंच तांबं एका मातीत निमूट पडून राहतं आणि दुसऱ्या मातीत गांडुळांची वीण थांबवतं. एवढं पक्कं लक्षात आलं की पुढे काय करायचं ते तुझं तुलाच सुचत जाईल.

आधी हा धातू गांडुळाच्या अंगात शिरतो कसा ते बघ. आपल्याला वाटतं, गांडूळ माती खातं, म्हणजे मातीबरोबर तांबंही पोटात जात असणार. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे तपासायला एक युक्ती केली. त्यांचं काम २००३ साली प्रसिद्ध झालं. जखमा चिकटवायच्या वैद्यकीय गोंदाने त्यांनी काही गांडुळांची तोंडं बंद केली, काहींची उघडी ठेवली आणि सगळ्यांना धातू असलेल्या मातीत सोडलं. तोंड बंद असलेल्यांच्या अंगातही तांबं, कॅडमियम आणि शिसं जवळपास तेवढंच साचलं. म्हणजे या तिन्ही धातूंची मुख्य वाट कातडीतून होती. जस्ताचा मात्र साधारण पाव हिस्सा पोटातून गेला.

गांडुळाची कातडी कायम ओली असते. त्या ओल्या कातडीतूनच ते श्वास घेतं. मातीच्या कणांमधल्या बारीक फटींत जे पाणी असतं, ते त्या कातडीला अष्टौप्रहर लागून असतं. त्या पाण्यात विरघळलेलं तांबं गांडुळाला बाधतं. कणाला घट्ट धरून बसलेलं तांबं त्याच ढेकळात असलं तरी त्याची बाधा फार कमी. दाव्याला बांधलेला बैल आणि मोकाट सुटलेला बैल वजनाने सारखे असले, तरी शेताची नासाडी कोण करतो ते तुला सांगायला नको. मी पुढे ‘मोकळं तांबं’ म्हणेन ते याच अर्थाने.

आता मातीत तांब्याला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन. पुढे माती परीक्षण वाचताना त्या उपयोगी पडतील, म्हणून एकेक सांगते.

पहिली गोष्ट सामू, म्हणजेच पीएच. माती आम्ल असली की तिच्यात हायड्रोजनचे धनभारित कण भरपूर असतात. मातीच्या कणांवर धातूला धरून ठेवणाऱ्या ज्या जागा असतात, त्या हे कण बळकावतात आणि तांबं, जस्त, कॅडमियम पाण्यात उतरतात. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात डेव्हिड स्पर्जन आणि स्टीव्ह हॉपकिन यांनी नव्वदच्या दशकात जस्ताचा प्रयोग केला होता. मातीचा सामू ४, ५ आणि ६, आणि सेंद्रिय पदार्थ ५, १० आणि १५ टक्के, अशा वेगवेगळ्या जोड्या करून त्यांनी तेच जस्त, तीच गांडुळं तपासली. सामू जितका खाली आणि सेंद्रिय पदार्थ जितका कमी, तितकं जस्त जास्त बाधलं. आम्लातले हायड्रोजनचे कण गांडुळाच्या कातडीवरही धातूशी जागेसाठी झगडतात आणि त्याला थोडं वाचवतात, हे खरं. पण आम्लामुळे जेवढा धातू मोकळा सुटतो, त्यापुढे हा बचाव बहुतेक वेळा तोकडा पडतो.

दुसरी गोष्ट चिकणमाती, आणि इथेच तुझ्या आणि नणंदेच्या बागेतला फरक आहे. देशावरच्या काळ्या मातीतली चिकणमाती फुगणारी आणि आकसणारी, माँटमोरिलोनाइट जातीची. उन्हाळ्यात जमिनीला त्या भेगा पडतात ना, त्या याच मातीमुळे. तिच्या कणांवर ऋणभार खूप, म्हणून धनभारित धातूंना धरून ठेवायच्या जागाही खूप. या धरून ठेवण्याच्या ताकदीला मातीवाले सीईसी म्हणतात. काळ्या मातीत ती ४० ते ६० एकक सहज असते. शिवाय तिथे चुनखडी असते आणि सामू साडेसात ते साडेआठच्या घरात असतो. तांब्याला सुटायला वावच नाही. आपल्या कोकणातली जांभ्याची माती हजारो पावसाळ्यांनी धुऊन निघालेली. तिच्यातली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट, तिची धरण्याची ताकद काळ्या मातीच्या मानाने फारच कमी. सामू आम्ल. लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं तिच्यात भरपूर असतात आणि तीही तांबं धरतात, पण सामू खाली गेला की त्यांचीही पकड ढिली पडते. नणंदेची माती तांबं धरून बसते, तुझी सोडून देते. तुझ्या कोड्याचं मोठं उत्तर हे आहे.

तिसरी गोष्ट सेंद्रिय पदार्थ. तांब्याला कुजलेल्या पाल्याची, शेणखताची फार ओढ. बाकीच्या बऱ्याच धातूंपेक्षा तांबं सेंद्रिय पदार्थाला जास्त घट्ट चिकटतं. तुझ्या वाडीची ही जमेची बाजू आहे, कारण झावळ्या, गवत, पाचोळा तू जागच्या जागी कुजवतेस. पण यात एक मेख आहे, तीही सांगते. सेंद्रिय पदार्थ वरच्या थरात जास्त, म्हणून तांबंही तिथेच साचतं, आणि पाचोळ्याखाली राहणारी गांडुळंही नेमकी तिथेच असतात. इंग्लंड आणि नेदरलँड्समधल्या सफरचंदाच्या काही जुन्या बागांत वर्षानुवर्षं तांब्याच्या फवारण्या झाल्या. तिथली गांडुळं गेली आणि झाडाखाली न कुजलेल्या पानांचा थर साचत गेला. म्हणून मागच्या वर्षीचा मऊ पाला पावसाळा उलटला तरी जसाच्या तसा पडलेला दिसला, तर ती खूण हलक्यावारी घेऊ नकोस.

मातीने किती फरक पडतो ते एका आकड्यात सांगते. युरोपातल्या १९ वेगवेगळ्या मातींत तांब्याचा प्रयोग झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. गांडुळांची पिल्लं निम्म्यावर यायला एका मातीत किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या आसपास तांबं पुरलं, आणि दुसऱ्या मातीत जवळपास ८०० मिलिग्रॅम लागलं. गांडूळ तेच, तांबं तेच, आणि फरक दहापटीहून जास्त. या फरकाचा सर्वांत चांगला अंदाज कशावरून लागला? मातीच्या सीईसीवरून. म्हणून कोणी तुला नुसतं सांगितलं की ‘मातीत १०० मिलिग्रॅम तांबं आलंय’, तर घाबरू नकोस आणि निर्धास्तही होऊ नकोस. आधी विचार, कुठल्या मातीत?

आणखी एक गोष्ट काळाची. प्रयोगशाळेत तांब्याचं किंवा जस्ताचं मीठ विरघळवून मातीत कालवतात आणि लगेच गांडुळं सोडतात. शेतात तोच धातू वर्षानुवर्षं पडून राहतो, कणांच्या आत मुरतो, पावसाने काही वाहून जातो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या ॲव्हनमथला जस्ताचा मोठा कारखाना होता. त्याच्या आसपासच्या काही जागी गांडुळं उरलीच नव्हती, पण तिथल्या मातीतल्या जस्ताची बाधा प्रयोगशाळेतल्या ताज्या जस्ताच्या मानाने दहापटीने तरी कमी भरली. जुना धातू बराचसा बांधलेला असतो, त्यामुळे ताजा जास्त बाधतो. तुझ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. दरवर्षी नव्याने जे तांबं पडतं, त्याच्यावर नजर ठेव.

आता एक जिव्हाळ्याने सांगते, कारण इथे बहुतेक जण फसतात. आळं उकरलं, चार गांडुळं वळवळताना दिसली, म्हणजे सगळं ठीक, असं समजू नकोस. स्पर्जन आणि हॉपकिन यांच्याच १९९४ सालच्या प्रयोगात, ठरावीक कृत्रिम मातीत, गांडुळं निम्मी मरायला किलोमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त तांबं लागलं. पण त्यांचं अंडी असलेले कोश घालणं निम्म्यावर यायला ५३ मिलिग्रॅमच पुरले. मरण्याच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यातच वीण खुंटते. जस्ताला हाच आकडा २७६ होता आणि शिशाला १,९४०. मोठी गांडुळं जगत राहतात आणि मागे पिढी येत नाही. म्हणून पावसाळ्यात माती उकरशील तेव्हा मोठ्यांबरोबर बारीक, फिकट पिल्लं आणि मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर कोश दिसतात का तेही बघ. उन्हाळ्यात बघण्यात अर्थ नाही, तेव्हा गांडुळं ओल शोधत खोल जातात.

आता कामाचं बोलू. पहिलं काम बोर्डोच्या बादलीपाशी. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, हे तुला पाठ आहेच. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवायचे आणि मग एकत्र करायचे. तयार मिश्रणात स्वच्छ घासलेला लोखंडी कोयता मिनिटभर बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालायची आणि पुन्हा बघायचं. गडी ही गोष्ट झाड होरपळू नये म्हणून करतो. पण तो तांबूस थर म्हणजे चुन्याने न बांधलेलं, मोकळं तांबं लोखंडावर येऊन बसलेलं असतं. तेच मोकळं तांबं पानांना जाळतं आणि तेच खाली ठिबकलं तर गांडुळाला बाधतं. चुना जुना, विरलेला असेल तर किलोला किलो घालूनही मिश्रण आम्ल राहतं. म्हणून चुना ताजा घे आणि कोयत्याची परीक्षा एकाही वेळी चुकवू नकोस.

दुसरं काम हिशेबाचं. मोरचूदात साधारण पाव हिस्सा तांबं असतं. समजा हेक्टरी १,००० लिटर एक टक्का बोर्डो लागला, तर १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबं. पोफळीच्या कोळेरोगासाठी मृगाआधी एक आणि पावसातली एक अशा दोन फवारण्या धरल्या तर वर्षाला ५ किलो. एक हेक्टरातली वरची १५ सेंटीमीटर माती साधारण २० लाख किलो भरते. सगळं तांबं तिच्यात राहिलं तर किलोमागे अडीच मिलिग्रॅम वर्षाला, वीस वर्षांत ५० मिलिग्रॅम. ते वरच्या ५ सेंटीमीटरमध्येच अडकलं तर तिप्पट, १५०. युरोपीय संघाने शेतीतल्या तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. तुझी वही काढ, दरवर्षी किती मोरचूद आणलास ते लिही आणि हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांड. फवारणी बंद कर असं मी सांगत नाही, कोळेरोगात घोस गळून पडले की काय होतं ते मला ठाऊक आहे. पण घोसावर नेमकी फवारणी आणि अंदाजाने सगळीकडे मारलेलं औषध यांत मोरचूदाचा बराच फरक पडतो. रोगट, गळलेली फळं गोळा करून वाडीबाहेर नेऊन नष्ट केलीस तरी रोगाचा जोर कमी होतो.

तिसरं काम माती परीक्षणाचं. मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू, सेंद्रिय कर्ब आणि तांबं हे तिन्ही आकडे असतात. ते एकत्र वाच. त्यातला तांब्याचा आकडा मातीतल्या सगळ्या तांब्याचा नसतो. डीटीपीए नावाच्या द्रावणात जेवढं तांबं सुटतं तेवढाच तो असतो, आणि मुळात पिकाला तांबं कमी तर पडत नाही ना हे ओळखण्यासाठी तो काढतात. कमतरतेची रेघ ०.२ मिलिग्रॅमची. तुझा आकडा तिच्या कितीतरी वर असेल, तर ‘तांबं भरपूर, छान’ असं म्हणून पुढे जाऊ नकोस. सामू साडेपाचच्या खाली आणि सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत असेल, तर तोच आकडा धोक्याचा आहे. नमुना देताना वरच्या ५ सेंटीमीटरचा वेगळा आणि खालचा वेगळा दे, आणि झाडाच्या बुंध्यापाशी जिथे औषध ठिबकतं तिथला जरूर घे.

चौथं काम घरी करता येण्यासारखं आहे, प्रयोगशाळेतही याच धर्तीवर परीक्षा घेतात. एक पसरट टब घे, मधोमध पुठ्ठा उभा कर. एका बाजूला आळ्यातली माती, दुसऱ्या बाजूला त्याच वाडीच्या कडेची, कधी फवारा न पडलेली, त्याच रंगाची माती भर. दोन्ही सारख्या ओल्या ठेव. पुठ्ठा काढ, मधल्या रेषेवर १० गांडुळं सोड, वर भोकांचं कापड बांध आणि सावलीत दोन दिवस ठेव. नंतर आधी पुठ्ठा परत उभा कर, मग दोन्हीकडची गांडुळं मोज. संशयाच्या मातीत दोन किंवा त्याहून कमी राहिली, तर ती माती गांडुळांना राहण्याजोगी उरलेली नाही. एका टबावर निकाल लावू नकोस, तीन-चार टब कर. आणि दुसरी माती सारखीच हवी, कारण गांडुळं नुसत्या जास्त आम्ल किंवा रेताड मातीपासूनही पळतात.

पाचवं, माती सुधारायचं. सामू खाली असेल तर परीक्षणात सांगितलेल्या मात्रेनेच चुना दे. मुठीने उधळू नकोस, जास्त चुन्याने जस्त आणि लोह पिकाला मिळेनासं होतं. अमोनियम सल्फेट आणि युरिया सतत वापरलेस तर माती पुन्हा आम्ल होत जाते, आणि चुन्याने बांधलेलं तांबं पुन्हा सुटायला लागतं. तांबं कुजत नाही, विरत नाही. त्याला बांधून ठेवणं हे एकदाचं काम नसून कायमचं काम आहे. पाचोळा जाळू नकोस. शेणखत, गांडूळखत चालू ठेव, पण शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेशील तर तपासणीचा कागद माग. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा कंपोस्टमध्ये किलोमागे तांबं ३०० मिलिग्रॅम, जस्त १,०००, शिसं १०० आणि कॅडमियम ५ यांच्या आत हवं. कोंबडीखत घेतेस तर लक्षात ठेव, कोंबड्यांच्या खाद्यात तांबं आणि जस्त घालतात आणि त्यातलं बरंच विष्ठेतून बाहेर पडतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक, सगळे धातू या नियमात बसत नाहीत. आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम मातीत ऋणभारित रूपात असतात, सामू वाढला की ते उलट जास्त मोकळे होतात. कारखान्याच्या सांडपाण्याशी कुठल्या जमिनीचा संबंध आला असेल, तर चुना हा उपाय समजू नकोस. दुसरी, नणंदेलाही सांग की गांडुळं जिवंत दिसतात म्हणजे ती धातूविना आहेत असं नाही. गांडूळ कॅडमियमला आपल्या अंगातल्या खास प्रथिनाशी बांधून साठवून ठेवतं. मातीत असेल त्याच्या कित्येक पट ते त्याच्या अंगात जमतं आणि तिथून पक्ष्यांच्या, कोंबड्यांच्या पोटात जातं.

आणि तुझी गांडुळं एकट्या तांब्यानेच गेली, असंही मी ठामपणे म्हणणार नाही. उघडी तापलेली जमीन, दाणेदार कीटकनाशक, उन्हाळ्यात आटलेली ओल, यांपैकी काहीही भर घालू शकतं. म्हणूनच आधी तपास, मग उपाय.

या पावसाळ्याआधी मातीचे नमुने देऊन टाक आणि पत्रिका आली की सामू, सेंद्रिय कर्ब आणि तांबं हे तीन आकडे एकाच ओळीत लिहून मला पाठव. फवारणी किती करायची आणि चुना किती द्यायचा ते आपण दोघी मिळून, तुझ्या मातीला विचारूनच ठरवू.